छंद अकीकाचा, भान धुळीचे

दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत घडलेला अकीक घासून त्याचा पैलू नसलेला, घुमटाकार खडा करणे, हा आम्हां वैद्यक व्यावसायिकांसाठी उत्तम छंद आहे. भरड चाकापासून बारीक चाकापर्यंत जाऊन अखेरीस सिरियम ऑक्साइडने झिलई देताना चित्त आपोआप एकाग्र होते.

तथापि अकीक म्हणजे सिलिका. गुजरातेतील खंभात येथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालत आले. कोरड्या घासणीची धूळ कारागिरांप्रमाणेच घरातील स्त्रिया व मुलांच्याही श्वासात गेली. सिलिकोसिस बरा होत नाही. शिवाय त्यामुळे क्षयाचा धोका वाढतो. स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली कर्करोगकारक ठरविले.

म्हणून बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझे स्पष्ट मत असे, की राहत्या घरात कोरडी घासणी नकोच. चाकावर पाण्याची धार अखंड असावी, नाकातोंडावर योग्य मास्क असावा आणि राहिलेला गाळ वाळण्यापूर्वीच ओल्या फडक्याने पुसावा. मुलांना दगड ओळखण्यास अवश्य शिकवावे. चाकापासून मात्र दूर ठेवावे.

वारासिवनीतील माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती : दीर्घ खोकल्याच्या रुग्णास व्यवसायाबरोबर घरातील छंदही विचारावा.