इंजिन बदललेली जुनी पिकअप घ्यावी का? स्वस्त सौद्यात पुस्तकावरचा नंबर महत्त्वाचा

नाशिक ग्रामीण : पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट जायला लागले की दिंडोरी, निफाड, चांदवडच्या गावांत एक विषय हमखास निघतो. दुसऱ्याच्या गाडीला किती दिवस भाडं द्यायचं, आपलीच एक जुनी पिकअप घेऊन टाकू. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून दहा-बारा वर्षं चाललेली डिझेल गाडी शोधली जाते. शोधता शोधता एखादी गाडी बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त सापडते. बॉडी ठीक, टायर बरे, आवाज खणखणीत. एवढी स्वस्त का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "इंजिन बदललेलं आहे, आता पाच वर्षं बघायला नको."

हे उत्तर खोटं असतंच असं नाही, पण ते अर्धवट असतं. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या पुस्तकावर, म्हणजे आरसीवर आहे का, ही उरलेली अर्धी गोष्ट. सौदा करायचा की सोडायचा हे त्यावरच ठरतं.

इंजिन का बदलतात?

इंजिन बदललेलं असणं हा काही दोष नाही. माल वाहणारी गाडी रोज ओव्हरलोड, घाट आणि खड्ड्यांत चालते. इंजिन बसलं की मालकापुढे दोन रस्ते असतात. फुल इंजिन काम करायचं, नाहीतर दुसऱ्या गाडीतून काढलेलं तयार इंजिन आणून बसवायचं. पिस्टन, लायनर, क्रँक, हेड असं सगळं काम निघालं तर खर्च मोठा होतो आणि गाडी गॅरेजवर पडून राहते. तयार इंजिन दोन-चार दिवसांत बसतं. हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही, त्यामुळे हा निर्णय व्यवहाराला धरूनच असतो.

दुसरं कारण जास्त गुंतागुंतीचं आहे. अलीकडच्या डिझेल गाड्या कॉमन रेलच्या आहेत. त्यात इंजेक्टर महाग, सेन्सर बरेच आणि सगळा कारभार संगणकाच्या डब्यावर. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तालुक्याच्या फाट्यावरच्या मिस्त्रीचा हात मात्र जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डीआय इंजिनावर बसलेला असतो. मग काही मालक कॉमन रेलचं इंजिन काढून जुनं डीआय इंजिन बसवून घेतात. गाडी चालते, दुरुस्ती गावात होते, पार्ट स्वस्त मिळतात. चालवणारा खूश असतो. कागदाच्या बाजूने मात्र हीच गाडी सगळ्यात अडचणीची.

देशभरात बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. पुस्तकावर गाडी बीएस-४ आणि आत त्याआधीच्या निकषाचं इंजिन असेल, तर फक्त नंबर वेगळा आहे असं नाही, गाडीचा प्रकारच वेगळा झाला. अशा बदलाला आरटीओची मंजुरी मिळेल, या भरवशावर कुणी पैसे देऊ नयेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याच विषयावर आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी पुस्तकावरची माहिती जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर त्याच प्रकारचं हवं आणि आरटीओची मंजुरी हवी. बदल झाला की १४ दिवसांत आरटीओला कळवून पुस्तकावर नोंद करून घ्यायची असते. गाडीवर फायनान्स असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमतीही लागते. कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येही स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षी कायद्यात १८२-अ हे कलम आलं. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

याच कलम ५२ मध्ये आणखी एक तरतूद आहे. किमान दहा व्यापारी वाहनं असलेल्या मालकाला त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या आगाऊ मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. एका गाडीवर घर चालवणाऱ्यासाठी अशी सोय नाही. त्याने कामधंदा सोडून आरटीओचे खेटे घालायचे. नोंदी राहून जातात त्याला आळस हे एक कारण आहेच, पण ही अडचणही आहे. तरी सौदा करताना विकणाऱ्याची कीव करून चालत नाही, कारण नोंद नसल्याचा भार पुढे घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो.

आधी चालून जायचं, आता का अडतं?

पूर्वी अशा गाड्या एजंटच्या भरवशावर वर्षानुवर्षं चालल्या. "होऊन जातं" हे त्या धंद्यातलं आवडतं वाक्य. आता गाडीची माहिती ऑनलाइन आली आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी बसवणं बंधनकारक झालं आणि तिच्या बुकिंगलाही चासी व इंजिन नंबर भरावे लागतात. अर्थात तिथे पुस्तकावरचा नंबर टाकून काम भागतं, प्रत्यक्ष इंजिन कुणी बघत नाही. म्हणून प्लेट बसली म्हणजे गाडी क्लिअर, असं समजू नये.

खरी गाठ पासिंगला पडते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. म्हणजे बारा वर्षांची पिकअप घेणाऱ्याला ही परीक्षा दरवर्षी द्यायची आहे. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना राज्यात पर्यावरण कर आहे, आणि पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी चांगलीच वाढते. (डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद, असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. तो नियम दिल्ली परिसराचा आहे, आपल्या जिल्ह्याला लागू नाही.)

दुसरी गाठ अपघातात. गाडीचं नुकसान झालं आणि क्लेम टाकला की सर्व्हेअर चासी आणि इंजिन नंबर बघतोच. नंबर जुळला नाही तर क्लेम तिथेच अडकतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. बसवलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर? चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहीत नसलेला माणूस शेवटी सुटेलही, पण तोवर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणि टोमॅटो शेतात.

स्वस्तपणाचा हिशेब

समजा, कागद जुळणारी गाडी ३ लाख ६० हजारांना आहे आणि नोंद नसलेली २ लाख ७० हजारांना. ९० हजार वाचले असं वाटतं. पण तीन वर्षांनी हीच गाडी विकायला काढली की समोरचाही नोंद विचारणार आणि तेवढेच पैसे कमी करणार. म्हणजे घेताना मिळालेली सूट विकताना परत द्यावी लागते. मधल्या काळातला धोका फुकटात अंगावर घेतला. हंगामात गाडी पंधरा दिवस अडकली आणि दिवसाला खर्च जाऊन दीड हजार सुटत असतील, तर साडेबावीस हजार तिथेच गेले. बँक किंवा फायनान्सवाले कागद बघूनच कर्ज देतात, त्यामुळे बरेचदा सगळी रक्कम रोख उभी करावी लागते. ती सोनं गहाण ठेवून किंवा सावकाराकडून आली असेल तर त्याचं व्याज वेगळं.

उलट, त्याच प्रकारचं इंजिन, पुस्तकावर नवा नंबर चढलेला आणि इंजिन खरेदीचं बिल हातात असेल, तर ती गाडी मूळ पण थकलेल्या इंजिनाच्या गाडीपेक्षा चांगली ठरू शकते. अशा गाडीला वीस-पंचवीस हजार जास्त गेले तरी हरकत नाही.

बघायला जाताना

आपला ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, विकणाऱ्याचा नको. सकाळी जावं आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका, असं फोनवरच सांगावं. थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठतं का ते बघायचं. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर येत असेल तर आत कॉम्प्रेशन गळतंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, तिथून सरळ घरी यावं. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते, त्यामुळे माल भरून एखादा चढ चढवून बघितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. इंजिनाचे फाउंडेशन ब्रॅकेट कापून वेल्डिंग केले असतील तर आत दुसऱ्याच प्रकारचं इंजिन असण्याची शक्यता मोठी.

मग नंबर. ब्लॉकवर तो कुठे ठोकलेला असतो हे मिस्त्रीला माहीत असतं. ग्रीस पुसून फोटो काढायचा. घासल्याच्या खुणा, वाकडेतिकडे अंक किंवा कोरी जागा दिसली तर विषय संपला. नंबर स्वच्छ असेल तर तो मूळ पुस्तकाशी अंकाला अंक लावून बघायचा. एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, पीयूसीची मुदत दिसते, पण इंजिन नंबर पूर्ण दिसत नाही. म्हणून मूळ पुस्तक हातात घेणं आवश्यक आहे, झेरॉक्स चालत नाही. फायनान्सचा बोजा उतरलाय का, हेही तिथेच कळतं.

नंबर जुळत नसेल आणि तरीही गाडी मनात भरली असेल, तर एकच रस्ता राहतो. नोंद विकणाऱ्याने करून द्यायची, आणि तीही पैसे देण्याआधी. "तुमच्या नावावर करताना करून घेऊ" हे मान्य करू नये. गाडी नावावर झाल्यावर इंजिन कुठून आणलं याचं उत्तर नव्या मालकालाच द्यावं लागतं, आणि बिल जुन्या मालकाच्या कपाटात राहतं. इसार द्यायचाच असेल तर थोडा द्यावा. इसार पावतीवर चासी नंबर, ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि "ठरलेल्या तारखेपर्यंत आरटीओत नोंद न झाल्यास इसार परत" एवढं स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

विकणारा तयार होत नसेल तर त्याला त्याचाही फायदा सांगता येतो. गाडी नोटरीवर दिली आणि नावावर केली नाही, तरी अपघाताच्या भरपाईत पुस्तकावर नाव असलेल्यालाच मालक धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे कागद पूर्ण होण्यात त्याचीही सुटका आहे. एवढं सांगूनही तो "आरटीओत कशाला जायचं" म्हणत असेल, तर इंजिनाचं बिल त्याच्याकडे नाही असंच धरून चालावं.