वणव्याशी झुंजणाऱ्यांचा जीव

१३ जून २०२४ रोजी उत्तराखंडमधील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले चार वनकर्मचारी होरपळून मरण पावले. ही दुर्घटना महाराष्ट्रानेही गांभीर्याने घ्यायला हवी. उपग्रहांच्या मदतीने भारतीय वन सर्वेक्षण आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. पण आग लागली कुठे, हे कळले तरी पुढच्या तासाभरात ती कुठे वळेल, हे वारा, उतार आणि पाचोळाच ठरवतात. चढावर ज्वाळा वरचे गवत आधीच तापवतात. तिथे माणूस आगीपुढे धावू शकत नाही.

अमेरिकेतील वणवा-पथके कामाला हात लावण्याआधी चार गोष्टी पक्क्या करतात : आगीवर नजर ठेवणारा माणूस, आपसातला संपर्क, निसटण्याची वाट आणि सुरक्षित जागा. आपल्याकडे अनेक ठिकाणी हंगामी अग्निरक्षक हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतात. फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढल्या जाव्यात, तसेच प्रत्येक मजुराला न वितळणारे कपडे, बूट, वॉकीटॉकी, प्रशिक्षण आणि विमा मिळायलाच हवा. जंगल पुन्हा उगवते, गेलेला माणूस परत येत नाही. वनविभागाने आधी माणूस वाचवावा.