पाकीट देताय, तर पाळीचंही सांगा

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने फडावर राहतात. जाण्याआधी आशाताईकडून ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला गोळी रोज घ्यायची एवढं सांगितलं जातं. पण या गोळ्यांनी तिची पाळी बदलणार आहे, हे अनेकदा राहूनच जातं. मग मधेच डाग लागतात, किंवा पाळी दोन दिवसांत आटोपते. ती घाबरते, पाकीट टाकून देते, आणि पुढच्या महिन्यात दिवस जातात.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात, शेवटच्या 7 तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या. पांढऱ्या गोळ्या चालू असताना पियूषिका ग्रंथीकडून बीजकोशाला मिळणारी चालना थांबते, त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गर्भाशयाचं अस्तरही पातळच राहतं. तपकिरी गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरकं एकदम उतरतात आणि ते पातळ अस्तर सुटून येतं. म्हणून अंगावरून कमी जातं, पाळीचे दिवस कमी होतात, बहुतेकींचं पोटही कमी दुखतं. ‘रक्त आत साठतं, त्याची गाठ होते’ ही भीती निराधार आहे. साठण्याएवढं अस्तर तयारच झालेलं नसतं.

1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा रक्तस्राव व्हावा, अशी योजना तेव्हापासूनच होती. शरीराला त्याची गरज नव्हती. पाळी आली की दिवस राहिले नाहीत याची बाईला खात्री वाटते, हा त्यामागचा एक विचार होता.

पहिले तीन महिने मधेच डाग लागणं नेहमीचं आहे, बहुतेकींचं ते आपोआप थांबतं. गोळी चुकली तरी डाग लागतात. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरावा. सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे तपकिरी गोळ्या संपल्यावर नवं पाकीट उशिरा सुरू करणं. पांढऱ्या गोळ्यांशिवाय सात दिवसांहून जास्त गेले की बीजकोश जागा होऊ लागतो. पाळी थांबलेली असो वा चालू, नवं पाकीट दुसऱ्या दिवशी सुरू झालंच पाहिजे.

‘छाया’ ही गोळी वेगळी. तिच्यात संप्रेरकं नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची. हिच्यामुळे पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र तपासणी करून घ्यावी.

फडावरच्या बाईसाठी कमी रक्त जाणं ही छोटी गोष्ट नाही. तिथे आडोसा नसतो, पाणी नसतं आणि एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जास्त जातं, पोट दुखतं या तक्रारींवर स्त्रीरोगतज्ज्ञ माला-एनच्याच प्रकारच्या गोळ्या उपचार म्हणून देतात. तो मार्ग सांगितलाच गेला नाही आणि तरुण बाईची पिशवी गेली, तर तो मला अन्याय वाटतो.

गोळी सगळ्यांना चालत नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, किंवा अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर माला-एन घेऊ नये.

एवढं सगळं गावात कोण सांगणार, असं कुणी म्हणेल. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, कित्येक अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणापासून कुटुंबनियोजनापर्यंत सगळं त्या शेजारणींना समजावून सांगू लागल्या. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका जे करू शकल्या, ते आज प्रशिक्षण घेतलेली आशाताई नक्की करू शकेल. तिला त्यासाठी वेळ आणि मोबदला मिळाला पाहिजे.

जिल्हा आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. यंदा टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गोळी घेणाऱ्या बाईचा रक्तदाब तपासा, हंगाम संपेपर्यंत पुरतील इतकी पाकिटं तिच्या हातात द्या, आणि पहिल्या तीन महिन्यांत पाळीचं काय होईल हे तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगा.