सोनोग्राफी टाळणं म्हणजे अहिंसा नव्हे



पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा विषय निघाला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "कशाला बघायचं? दोष निघाला तर डॉक्टर पाडायला सांगणार, ते पाप नको." बोलणारी सासू किंवा आजी मनाने वाईट नसते. गर्भातला जीव पंचेंद्रिय, त्याची हिंसा नको, ही तिची श्रद्धा. माझीही तीच आहे. पण म्हणून तपासणीच टाळायची, हे मला पटत नाही.

हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. त्यातले बरेच किरकोळ. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. काही दोष मात्र पहिल्या काही तासांतच जिवावर बेततात. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, तो दोषच घ्या. पोटात असताना प्राणवायू वारेतून येतो, त्यामुळे बाळ छान वाढतं. जन्मतः वजन चांगलं, रडणं खणखणीत. मग जन्माआधी उघडी असलेली एक छोटी वाहिनी मिटू लागते आणि बाळ निळं पडतं. ती वाहिनी उघडी ठेवायचं औषध आहे आणि पहिल्या काही आठवड्यांत करायची शस्त्रक्रियाही आहे. पण दोष आधी माहीत नसेल, बाळंतपण गावातल्या छोट्या दवाखान्यात झालं असेल, तर मोलाचे तास रस्त्यातच जातात.

पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ साली याच दोषाचे आकडे मांडले. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेआधीच गेली. गर्भातच निदान झालेल्या ६८ पैकी एकही गेलं नाही, ना शस्त्रक्रियेआधी, ना नंतर. सांगा, इथे हिंसा तपासणीत होती की न तपासण्यात?

सगळ्याच दोषांचं असं नाही, हेही खरं. गर्भात सहज दिसतात ते दोष बहुधा गंभीर असतात, आणि काही बाळं सगळं करूनही वाचत नाहीत. सोनोग्राफीतून काही दोष निसटतातही. म्हणून जन्मानंतर दुसऱ्या दिवशी बाळाच्या हातापायाला चिमटा लावून प्राणवायू मोजायलाही सांगावं.

आणि पाडायची सक्ती? आपल्या कायद्यात बाईच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. दोष कळला तरी निर्णय आईचाच. कुणी खूप गंभीर दोष कळल्यावर वेगळा निर्णय घेतला, तर तिचा न्याय करायला आपण बसू नये. तिच्या रात्री आपण काढलेल्या नाहीत.

"तुझ्याच कर्माचा उदय" हे वाक्य तर अशा आईसमोर कुणीच उच्चारू नये. कर्मसिद्धांत आपल्याला पुरुषार्थ शिकवतो, हात बांधून बसायला नाही. वेदनीय कर्माचा उदय झाला तरी औषध आपण घेतोच ना!

तेव्हा लेकीसुनांना एवढं सांगा. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत "हृदयाचे चारही कप्पे आणि मोठ्या वाहिन्या नीट दिसल्या का?" असं विचारा. आधीपासून मधुमेह असेल, आईला, वडिलांना किंवा आधीच्या बाळाला हृदयदोष असेल, किंवा आत्याच्या मुलाशी, म्हणजे नात्यातच लग्न झालं असेल, तर गर्भाच्या हृदयाची खास तपासणी, फीटल इको, करायची का हे डॉक्टरांना विचारा. गंभीर दोष निघाला तर बाळंतपण लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर जवळ असतील अशाच ठिकाणी ठरवा. माहेरी पहिलं बाळंतपण करायची रीत एका वेळी बाजूला ठेवली तर काही बिघडत नाही. खर्चाची काळजी असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोषाच्या उपचारांचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. पर्युषणात अभिषेकाच्या बोलीत उत्साहाने हात वर होतात. त्यातला थोडा पैसा महिला मंडळाने अशा एखाद्या आईच्या शहरातल्या राहण्याजेवणासाठी बाजूला ठेवावा. औषधदान आणि अभयदान, दोन्ही एकाच वेळी घडतील.