उजेड भरपूर आहे, पण सोसत नाही

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



मी पुण्यात एका खाजगी कार्यालयात हिशेबाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर जातात. अर्धशिशी मला शाळेपासून आहे, माझ्या आईलाही होती. त्यामुळे हे दुखणं ऑफिसनं दिलं असं मी म्हणणार नाही. पण महिन्यातून एकदा येणारं दुखणं आठवड्यातून दोनदा का यायला लागलं, एवढं मला जाणून घ्यायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे जुन्या ट्यूब काढून छतात एलईडीचे चौकोनी पॅनेल बसवले. टेबलंही नवी आली, पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत. मान वर केली की पॅनेल डोळ्यांत घुसायचा, खाली घातली की त्याचंच प्रतिबिंब टेबलावर. दुपारी तीनच्या सुमारास आकड्यांच्या कडेला नागमोडी चमक दिसू लागायची. वीस-पंचवीस मिनिटांत उजवी भुवई ठणकायची, मग मळमळ. साहेबांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. घेतला. नंबर तोच निघाला.

पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमननं माझं बोलणं ऐकलं आणि मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून पॅनेलकडे धरला. मोबाईलमध्ये पॅनेल धडधडत होता, काळ्या पट्ट्या एकामागून एक सरकत होत्या. "ताई, ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज देणारा भाग, हलका आहे. लाइट फडफडतोय, आपल्याला दिसत नाही एवढंच." मग त्यानं माझी पेन्सिल पॅनेलखाली भराभर हलवून दाखवली. घडीच्या पंख्याच्या काड्या उघडाव्यात तशा सुट्या सुट्या दहा-बारा पेन्सिली दिसल्या. तीच पेन्सिल खिडकीशी हलवली तेव्हा नुसता एक सलग फराटा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या चोकवरची ट्यूब किंवा हलक्या ड्रायव्हरवरचा एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. ब्रिटनमध्येही वीज ५० हर्ट्झचीच आहे, म्हणून तिथला एक प्रयोग मला आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. १९८९ मध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या ट्यूब काही काळ साध्या चोकवर आणि काही काळ सुमारे ३२ हजार हर्ट्झच्या इलेक्ट्रॉनिक चोकवर चालवल्या. कधी कुठला चोक आहे हे कर्मचाऱ्यांना माहीत नव्हतं, नोंदी घेणाऱ्यांनाही नव्हतं. इलेक्ट्रॉनिक चोकखाली डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाच्या तक्रारी सरासरीनं निम्म्याहून कमी झाल्या. वरच्या मजल्यांवर, जिथे बाहेरचा उजेड जास्त येतो, तिथे डोकेदुखी तशीही कमीच होती. हे कळून तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, मंत्रिमहोदय.

एक गोष्ट मान्य करते. अटॅक सुरू होण्याआधीच काहींना उजेड खुपायला लागतो. त्यामुळे उजेडानं दुखणं आणलं की येऊ घातलेल्या दुखण्यानं उजेड नकोसा केला, हे दर वेळी सांगता येत नाही. पण हा सगळा मनाचा खेळ आहे किंवा चष्म्याचा दोष आहे, असं म्हणायला तरी जागा उरलेली नाही. बोस्टनमधल्या रामी बर्स्टीन यांच्या गटानं २०१० मध्ये अर्धशिशी असलेल्या अंध व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना काहीच आकार दिसत नव्हते, पण उजेडाची जाणीव शिल्लक होती, त्यांचंही डोकं उजेडात जास्त दुखत होतं. ज्यांच्या डोळ्यांतून मेंदूकडे काहीच जात नव्हतं, त्यांना उजेडाचा त्रास नव्हता. नंबरशी याचा संबंध नाही. दिसण्याहून वेगळ्या वाटेनं उजेडाचा संदेश मेंदूतल्या दुखणं जाणवून देणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतो.

आता कायद्याचं. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं १७ वं कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. कामाच्या जागी उजेड पुरेसा हवा आणि योग्यही हवा, असं त्यात म्हटलं होतं. दिव्यातून थेट किंवा गुळगुळीत पृष्ठभागावरून उलटून येणारी, डोळे दिपवणारी झळाळी टाळावी, डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू देऊ नयेत, हेही त्यात होतं. गुळगुळीत पृष्ठभाग! माझं टेबल त्या कलमात बसलेलं होतं, पण ते कलम लिहिलं गेलं कारखान्यासाठी. आमच्यासारख्यांसाठी जो २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात स्वच्छता, प्रकाश, हवा आणि आगीपासून बचाव अशा ओळीत 'प्रकाश' एवढा एकच शब्द येतो. बाकी सारं नियमांवर, म्हणजे आपल्या खात्यावर सोपवलेलं आहे.

म्हणून मागणं आपल्याकडे. 'योग्य' प्रकाश म्हणजे काय, ते या कायद्याच्या नियमांत स्पष्ट लिहा. लक्समीटर टेबलावर किती उजेड पडतो ते सांगतो, तो किती फडफडतो किंवा डोळ्यांवर कसा उलटून येतो ते सांगत नाही. तपासणीत या दोन गोष्टी पाहणं सक्तीचं करा. दिव्यांच्या खरेदीच्या अटींत फडफडीची मर्यादा घालायला लावा, आणि सुरुवात सरकारी कार्यालयांपासून करा. तिथेही माझ्यासारखे शेकडो जण पॅनेलखाली बसलेले असतील.

मला शेवटी खिडकीजवळची जागा मिळाली, पाच महिने मागे लागल्यावर. आता महिना-दीड महिन्यातून एखादा अटॅक येतो. माझ्या जुन्या जागेवर नवीन लागलेली एक मुलगी बसते. तिनं मागच्या आठवड्यात माझ्याकडे दोनदा डोकेदुखीची गोळी मागितली, आणि साहेबांकडे जागा बदलून मागायला ती घाबरते, कारण अजून तिची नोकरी पक्की झालेली नाही. डोक्यावरचा दिवा बदलून किंवा विझवून मागण्याचा हक्क तिला डॉक्टरच्या दाखल्याशिवाय मिळावा, हेही त्या नियमांत लिहा.

आपली नम्र,
एक हिशेबनीस, पुणे