कार्डाची झोपही मोजा

मेमरी कार्डाच्या नखाएवढ्या अंगावर वेगाची चिन्हं दाटीवाटीनं छापलेली असतात: क्लास १०, यू३, व्ही३०, ए२. काहीच काम नसताना हेच कार्ड किती वीज खातं, हे मात्र त्यावर कुठेही सापडत नाही. रोज रात्री चार्जिंगला लागणाऱ्या मोबाइलला त्याचं सोयरसुतक नाही. पण जंगलात झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप किंवा बंधाऱ्यावर पाण्याची पातळी टिपणारा डेटा लॉगर सेलवर चालतो. लॉगर दर पंधरा मिनिटांनी जागा होतो, एक ओळ लिहितो आणि झोपतो. त्याचं सगळं आयुष्य या न छापलेल्या आकड्यावर अवलंबून असतं.

फ्लॅश मेमरीला माहिती सांभाळायला वीज लागतच नाही. वीज खातो तो कार्डाच्या पोटातला कंट्रोलर. आज्ञा आणि क्लॉक थांबलं की तो आपणहून झोपी जातो आणि चांगलं कार्ड शे-दोनशे मायक्रोअँपिअरवर येतं. मात्र त्याला नीट झोपू द्यावं लागतं. माहिती पोचली तरी ती फ्लॅशमध्ये लिहिणं, जुने ब्लॉक पुसणं अशी आतली कामं चालू असतात. तोवर कार्ड डेटाची तार खाली ओढून आपण व्यग्र असल्याचं सांगत असतं. ते न पाहता क्लॉक तोडलं, तर कार्ड अर्धवट जागं राहून काही मिलिअँपिअर ओढत बसू शकतं. एसपीआय पद्धतीनं जोडलेल्या कार्डाला तर सिलेक्टची तार सोडल्यावरही क्लॉकचे आठ ठोके द्यावे लागतात, तेव्हा कुठे ते डेटाची तार मोकळी करतं. विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममध्ये हे आठ ठोके हमखास गाळलेले असतात.

हा फरक किती मोठा आहे बघा. २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल ०.२ मिलिअँपिअरवर १०,००० तास, म्हणजे वर्षाहून अधिक पुरतील. तेच ५ मिलिअँपिअरवर ४०० तासांत, सतरा दिवसांच्या आत संपतील. आणि हे ५ मिलिअँपिअर कार्डानंच खायला हवेत असंही नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या मायक्रोएसडी मॉड्यूलवर बहुधा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो आणि तो एकटाच साधारण तेवढा प्रवाह गिळतो. मायक्रोकंट्रोलर दहा मायक्रोअँपिअरवर झोपवल्याचा आनंद तिथे मातीमोल होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नोंदी क्वचित होत असतील तर कार्डाची वीज मॉस्फेटनं सरळ तोडा. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. डेटाच्या तारा वर राहिल्या, तर कार्डाच्या आतल्या संरक्षक डायोडांतून वीज मागच्या दारानं शिरते आणि कार्ड धड बंद होत नाही, धड चालू राहत नाही. त्यामुळे आधी सगळ्या तारा शून्यावर आणाव्यात, आणि पुल-अप रोधांना वीजही त्या स्विचच्या पलीकडूनच द्यावी. फाइल बंद न करता वीज तोडली तर नोंद सेक्टरमध्ये असते, पण फाइलच्या यादीला तिचा पत्ताच नसतो. शिवाय वीज परत दिल्यावर कार्डाला तयार व्हायला सेकंदभरही लागू शकतो आणि त्या वेळात ते भरपूर प्रवाह ओढतं. दर दोन सेकंदांनी लिहायचं असेल तर हा उद्योग तोट्याचाच. अशा वेळी नोंदी रॅममध्ये साठवून ५१२ बाइटचा पूर्ण सेक्टर एकदम लिहावा.

इतकं करूनही खात्री मोजल्यावरच होते, कारण त्याच नावाच्या, त्याच क्षमतेच्या कार्डात पुढच्या खेपेला वेगळा कंट्रोलर निघू शकतो. मोजतानाही एक फसगत होते. मल्टिमीटर सुरुवातीपासून मायक्रोअँपिअरवर ठेवला, तर जागं होताना त्याच्यावरच व्होल्टेज पडतं आणि कार्ड सुरूच होत नाही. आधी मिलिअँपिअरवर ठेवून उपकरण झोपू द्यावं, मग जोडणी न तोडता खालच्या पट्ट्यावर यावं.

औद्योगिक कार्डांच्या डेटाशीटमध्ये स्टँडबाय प्रवाहाचा आकडा मिळतो. दुकानातल्या साध्या कार्डावरही तो हवा. एसडी असोसिएशननं वेगासाठी इतके वर्ग ठरवले. निवांत प्रवाहाचाही एक वर्ग ठरवून लेबलवर त्याला जागा द्यावी. ए२च्या शेजारी एवढी जागा नक्की निघेल.