संसाराचा ताळेबंद : मोटारीचा योगक्षेम

'योगक्षेम' हा शब्द मराठी घरांना नवा नाहीं. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कचेरीच्या इमारतीसही हेंच नांव आहे. न मिळालेली वस्तु मिळविणें हा योग, आणि मिळालेल्या वस्तूचें रक्षण करणें हें क्षेम, असा त्याचा अर्थ जुने भाष्यकार करीत आले. मोटारीच्या बाबतींत आपल्या घरांतून योगाची चर्चा महिना महिना चालते. रंग कोणता, कर्जाचा हप्ता किती, गाडी पाडव्यास घरीं आणावी कीं दसऱ्यास, यावर लहानथोर सारे बोलतात. क्षेमाविषयीं मात्र एकच प्रश्न ऐकूं येतो, तो म्हणजे "ॲव्हरेज किती देते?"

हा प्रश्न चुकीचा नाहीं, पण अपुरा आहे. पेट्रोलचा खर्च डोळ्यांदेखत होतो म्हणून तो बोचतो. मोटारीचा सर्वांत मोठा खर्च पंपावर होतच नाहीं. धर्मशास्त्रांत कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. ते येथेंही उपयोगी पडतात. गाडी उभी असो वा धांवो, जो टळत नाहीं तो नित्य खर्च : किमतीची झीज, विमा, आणि कर्ज असल्यास त्याचें व्याज. प्रवास घडेल त्या मानानें होतो तो नैमित्तिक : पेट्रोल, टायर, टोल, दुरुस्ती. केवळ हौसेखातर होतो तो काम्य : नवीं सीट-कव्हरें, चकचकीत चाकें, दर चार वर्षांनीं नवें मॉडेल. बहुतेक घरें काटकसर करावयाची ती फक्त नैमित्तिकांत करूं पाहतात.

एक उदाहरण मांडून पाहूं. आठ लाखांची पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. पांच वर्षांनीं ती निम्म्या किमतीस जाईल असें समजूं. विम्याच्या प्रचलित कोष्टकांतही चार वर्षांहून जुन्या व पांच वर्षांच्या आंतील गाडीच्या किमतींतून ५० टक्के घट धरतात. म्हणजे वर्षास ८०,००० रुपये नुसती झीज. विम्यास १८,००० आणि देखभालीस १५,००० धरूं. गाडी वर्षांत ८,००० किलोमीटर धांवते आणि लिटरमागें १६ किलोमीटर देते, तर पेट्रोल ५०० लिटर लागलें. १०४ रुपये भाव धरल्यास त्याचे ५२,००० झाले. एकूण बेरीज १,६५,०००, म्हणजे किलोमीटरमागें साडेवीस रुपयांहून थोडें अधिक. त्यांत पेट्रोलचा वांटा एकतृतीयांशाहूनही कमी! पेट्रोलांत दहावा हिस्सा वांचविला, तर वर्षास ५,२०० रुपये हातीं राहतील. हीच गाडी नीट सांभाळून दहा वर्षें वापरली आणि शेवटीं तिचे दोन लाख आले, तर झीज वर्षास ८०,००० वरून ६०,००० वर येईल. वाढत्या दुरुस्तीस त्यांतून पांचसात हजार गेले, तरी लाभ पेट्रोलच्या बचतीहून दुपटीचा आहे.

झीज आणि विमा मिळून वर्षास ९८,००० रुपये, म्हणजे महिन्यास आठ हजारांहून अधिक, गाडी अंगणांत उभी असतांही जातात. एकत्र कुटुंबांत हा आंकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. थोरल्याची गाडी सकाळीं नऊला निघते, धाकट्याची दहाला, आणि दोन्ही दिवसभर आपापल्या कचेरीच्या आवारांत उभ्या. मग आईवडिलांना डॉक्टरकडे, देवदर्शनास, आप्तेष्टांकडे नेण्यासाठीं तिसरी गाडी असावी, असा विचार निघतो. हेतु उत्तम आहे. पण आठवड्यांतून दोनतीन फेऱ्यांसाठीं टॅक्सी बोलाविली, तर शहरांतल्या शहरांत त्या आठ हजारांतले बरेच शिल्लक राहतील. शिवाय तिसरी गाडी चालविणारा घरांत मोकळा असलाच पाहिजे, हेंही आहेच.

येथें पैशाहून नाजूक अशी एक गोष्ट आहे. ज्यानें जन्मभर घर चालविलें, त्यास उतारवयांत दर वेळीं "मला नेऊन सोडतोस का?" म्हणून नातवाचें तोंड पाहावें लागणें बोचतें. पुष्कळदां तिसऱ्या गाडीचा आग्रह धरला जातो तो या बोचणीमुळें, सोयीसाठीं नव्हे. तरी सुज्ञ घरानें टॅक्सीची रक्कम ठरवून ती पहिल्या तारखेस वडीलधाऱ्यांच्या हातीं द्यावी आणि तिचा हिशेब मागूं नये. त्यांचें स्वातंत्र्य राहील, आणि घराचे पैसेही वांचतील. इतकें करूनही आणखी एक गाडी हवीच असेल, तर तीनचार वर्षें वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगची नोंद असलेली गाडी पाहावी. झिजेचा मोठा घांस पहिल्या मालकानें गिळलेला असतो.

आतां पेट्रोलकडे वळूं. त्याची बचत बहुतांशीं पायाखालीं आणि चाकांत आहे. चाकांत हवा किती असावी हें चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटविलेल्या कागदावर लिहिलेलें असतें. पंधरा दिवसांतून एकदां, चाकें थंड असतां, तितकी भरावी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणून ताशीं ८० च्या ऐवजीं १०० च्या वेगानें गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग सुमारें ९५ किलोमीटरांचा. घाट आणि गर्दी बाजूस ठेवून हिशेब केला, तर या घाईंत चौदा मिनिटें वांचतात. तेवढ्यासाठीं पेट्रोल जाळावें कीं घरून चौदा मिनिटें आधीं निघावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. मोकळी कॅरियर टपावरून काढून ठेवावी, लांबलेल्या सिग्नलला इंजिन बंद करावें, आणि वाणी, दवाखाना, पोस्ट अशीं कामें एका फेरींत उरकावींत. थंड इंजिन अधिक पेट्रोल खातें.

टाकी पूर्ण भरून आंकडा टिपावा आणि पुढच्या वेळीं पुन्हां पूर्ण भरून भागाकार करावा, म्हणजे खरें ॲव्हरेज कळतें. तें अलीकडे घसरलें असल्यास मेकॅनिकवर रागावण्यापूर्वीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलांत बहुतेक ठिकाणीं २० टक्के इथेनॉल असतें, आणि इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश. नीति आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांत जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांचें ॲव्हरेज यामुळें ६ ते ७ टक्क्यांनीं, आणि अशा पेट्रोलास जुळवून घेतलेल्या गाड्यांचें १ ते २ टक्क्यांनीं घटेल, असा अंदाज दिला आहे. जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या व जोड तपासून घ्यावेत.

सी.एन.जी.चाही असाच भागाकार करावा. वरच्याच गाडीस किलोमागें २२ किलोमीटर आणि भाव ९० रुपये धरल्यास वर्षाचा खर्च ३३,००० च्या आंत येतो, म्हणजे सुमारें १९,००० वांचतात. पण अशी गाडी ९०,००० नें महाग असेल, तर ती रक्कम भरून निघण्यास पावणेपांच वर्षें लागतील. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्यास ती लाभाची. रविवारीं बाहेर पडणाऱ्यास नव्हे. मागाहून किट बसविल्यास त्याची नोंद आर.सी. पुस्तकांत आणि विम्यांत झालीच पाहिजे.

विमा हा क्षेमाचा गाभा. त्याचे दोन भाग असतात, आणि त्यांचा घोटाळा करूं नये. पहिला भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनें दुसऱ्याचें नुकसान केल्यास त्याची भरपाई करणारा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें तो सक्तीचा आहे. सरकारनें २०२२ सालीं खासगी मोटारींसाठीं त्याचे वार्षिक दर १,००० सी.सी.पर्यंत २,०९४, पुढें १,५०० सी.सी.पर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असे ठरविले. तो नसल्यास पहिल्या वेळीं २,००० रुपये दंड आहे. पण दंड ही क्षुल्लक गोष्ट. अपघातांत कोणी कर्ता पुरुष दगावला, तर न्यायाधिकरण त्याच्या मिळकतीच्या मानानें भरपाई ठरवितें, आणि विमा नसेल तर ती गाडीच्या मालकाच्या मालमत्तेंतून वसूल होऊं शकते. दोनतीन हजारांच्या बचतीसाठीं राहतें घर पणास लावण्यासारखें हें आहे. येथें काटकसर हा शब्दही उच्चारूं नये.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. येथें मात्र बुद्धि चालविण्यास जागा आहे. गाडी विकणाऱ्या दुकानानें पुढें केलेलाच विमा घेतला पाहिजे असें बंधन नाहीं. त्याच गाडीचे आणि त्याच विमित किमतीचे दर तीन कंपन्यांकडून मागवावेत. हप्ता कमी दिसावा म्हणून विमित किंमत उतरवून घेऊं नये, कारण गाडी चोरीस गेल्यास तेवढीच हातीं पडते. ज्याच्या नांवावर दोन गाड्या आहेत, त्यास मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या अपघात-विम्याचे पैसे दोनदां भरावे लागत नाहींत, एकच पुरतो.

मोठी बचत आहे ती 'नो क्लेम बोनस' या सवलतींत. वर्षभर भरपाई मागितली नाहीं, तर या दुसऱ्या भागाच्या हप्त्यांत पहिल्या वर्षीं २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पांच वर्षांनीं ५० टक्के सूट मिळते. एकदां भरपाई मागितली कीं ती सामान्यतः शून्यावर येते. समजा, पूर्ण हप्ता १०,००० आहे आणि आपणांस ५० टक्के सूट आहे. दारास पोंचा आला, दुरुस्ती ४,००० झाली, सक्तीचे १,००० वजा जाऊन कंपनीनें ३,००० दिले. पुढील वर्षांचे हप्ते १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५०० असे उतरत पुन्हां ५,००० वर येतील. म्हणजे तीन हजार घेऊन आपण साडेबारा हजार अधिक दिले! तेव्हां किरकोळ पोंच्यास स्वतःच्या खिशांतून पैसे द्यावेत, आणि विमा मोठ्या संकटासाठीं राखावा. मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आंत नूतनीकरण न केल्यास ही सूट बुडते, हेंही ध्यानांत असावें.

ही सूट गाडीची नव्हे, मालकाची. जुनी गाडी विकतांना तिचें पत्र कंपनीकडून मागून घ्यावें. तीन वर्षांच्या आंत घेतलेल्या नव्या गाडीस ती लागू करतां येते. आणि विकल्यावर आर.सी. पुस्तकावरचें नांव बदललेंच पाहिजे. नोंदींत ज्याचें नांव, तोच कायद्यानें मालक व भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे.

एकत्र घरांत आणखी एक गोष्ट हटकून राहून जाते. गाडी वडिलांच्या नांवावर असते, वडील जातात, मुलें तीच गाडी तसेंच नांव ठेवून वर्षानुवर्षें चालवितात. त्यांत आदर असेल, पण क्षेम नाहीं. विमा मृत्यूनंतर तीन महिने किंवा त्याची मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवरच चालतो. आर.टी.ओ.स ३० दिवसांच्या आंत कळवावें आणि तीन महिन्यांच्या आंत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नांवें अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं, म्हणून घरांतील एकानें तें आधींच ठाऊक करून ठेवावें. येथें विम्याच्या नियमांत एक सहृदयताही आहे : गाडी पत्नी, मुलें किंवा आईवडील यांच्या वापरांत गेल्यास दिवंगत मालकाची नो क्लेम बोनसची सूट त्यांना मिळते. वडिलांनीं वर्षानुवर्षें जपून गाडी चालविली, त्याचें फळ मुलांस लाभतें. पण तें मागावें लागतें.

तेव्हां वाचकांस इतकेंच सांगणें आहे कीं, गाडीच्या खणांत एक शंभर पानी वही ठेवावी. जो गाडी नेईल त्यानें किलोमीटर आणि खर्च लिहावा. विम्याची मुदत संपण्याच्या महिनाभर आधीं घरांतील मोठ्यांनीं एकत्र बसून बेरीज करावी, किलोमीटरनें भागावें, आणि पुढच्या वर्षीं गाड्या किती असाव्यात हें त्या आंकड्याकडे पाहून ठरवावें.